ओंकारला बॉल द्यायचा नाही

माणूस गेल्यावर भेटायला येणारे आधी हळू आवाजात बोलतात. मग कोणीतरी एक किस्सा सांगतो, दुसरा म्हणतो, "तसं नव्हतं रे ते," आणि चहा गार होईपर्यंत घरात पाच-सहा किस्से जमलेले असतात. माझ्या नवऱ्याची, विलासची फुटबॉल टीम अजूनही अधूनमधून आमच्याकडे येते. ती मंडळी गेल्यावर किस्से माझ्यापाशी राहतात.

सगळे पन्नाशीचे. रविवारी सकाळी ठाण्यात बाळकुमच्या भाड्याच्या टर्फ मैदानावर खेळायचे, डोंबिवलीच्या तरुण पोरांशी. त्या पोरांत एक ओंकार. तो मान न वळवता नेमक्या माणसाला पास द्यायचा आणि पुढच्या क्षणी गोल! विलासला त्याला हरवायचं होतं. "एकदाच गं," म्हणायचा. "मग बूट माळ्यावर टाकतो."

* * *

एकदा जेवताना विलासने आमटीच्या वाट्या सरकवून मला आणि पक्याला डाव समजावला. पक्या म्हणजे प्रकाश, शेजारच्या बिल्डिंगमधला, शाळेपासूनचा मित्र.

"ओंकारकडे बॉल गेला की आपण प्रेक्षक. बरोबर? मग जाऊच द्यायचा नाही. छोटे पास. तू मला, मी तुला. आपल्याला पळता येत नाही, बॉलला येतं."

"आणि गोल कधी करायचा?" पक्याने विचारलं.

"गोल काय, चुकून होतो!"

* * *

नव्या डावात अडचण आली की बॉल मागे, गोलकीपर देशपांड्यांकडे द्यायचा. अडचण सारखीच यायची. बँकेतून निवृत्त झालेले देशपांडे हाफटाइमला ग्लोव्हज काढून विलाससमोर उभे राहिले.

"अहो, मी गोलकीपर झालो तो बॉलपासून लांब राहता यावं म्हणून!"

* * *

पुढच्या वेळी ओंकारला पकडून ठेवायचं काम पक्याला दिलं. "तो पाणी प्यायला गेला तरी त्याच्याबरोबर जायचं," विलासने बजावलं.

पक्या खरंच गेला. पाणी पिता पिता कळलं, की ओंकार इंजिनिअर आहे. पक्याची मुलगी तेव्हा बारावीला होती. मग उरलेला खेळभर दोघं कॉलेजांविषयी बोलत धावले. मध्येच "एक मिनिट हां, काका," म्हणून ओंकार जायचा आणि गोल करून परत यायचा!

विलास घरी आला तो धुमसतच. "काका म्हणतो आणि पायांमधून बॉल काढून नेतो!"

पक्या म्हणाला, "हरलो, कबूल. पण पोरगा गुणी आहे रे."

* * *

विलास म्हणायचा, आपला सगळ्यात भक्कम डिफेंडर म्हणजे शीळफाटा. डोंबिवलीहून येताना लागणाऱ्या त्या नाक्यावर कंटेनर बंद पडला, की डोंबिवलीची टीम अर्धी पोचायची. एका रविवारी तर सगळीच गाडीत अडकली. विलास टर्फच्या गेटवर खूश होऊन उभा होता, तेवढ्यात एक बाईक आली. हेल्मेट काढलं तर ओंकार!

टर्फवर झाडू मारणारे दोघं आणि आधीच्या बॅचमधले तिघं घेऊन त्याने टीम केली. आमचे हरले. त्या पाच जणांनी ओंकारबरोबर फोटो काढले. विलासने ते फोटो काढून दिले.

* * *

मी टर्फवर पहिल्यांदा गेले, ती विलासचं खेळणं बंद झाल्यावर. "येईन एखाद्या रविवारी," असं मी वर्षानुवर्षं म्हणत होते. उपचारांनी तो फार वाळला होता. पक्याने जाळीला लागून प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि कानात म्हणाला, "वहिनी, आज याला जिंकूनच दाखवतो."

आणि खरंच, पक्याच्या गुडघ्याला लागून बॉल आत गेला. एक-शून्य! मग सुरू झाले ते वाट्यांवरचे पास. तू मला, मी तुला, मागे देशपांड्यांना, परत पुढे. डोंबिवलीची पोरं धावून दमली. ओंकार आधी हात वर करून बॉल मागत होता. नंतर त्याने मागणंही सोडलं आणि कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

विलास सुरुवातीला प्रत्येक पासला मान हलवत होता. मग ते थांबलं. त्याची नजर बॉलवर नव्हतीच, ओंकारवर होती.

"दोनच मिनिटं, विलास!" पक्या आमच्यासमोरच बॉलवर पाय ठेवून ओरडला. "जिंकतोय रे!"

विलास माझ्या खांद्याला धरून उठला.

"पक्या, ओंकारला दे."

"काय?"

"बॉल दे त्याला."

"येडा झालास का? जिंकतोय आपण!"

"दिसतंय मला. दे."

पक्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने बॉल ओंकारकडे ढकलला.

विलासने खुर्ची जाळीच्या आणखी जवळ ओढली आणि पुढे वाकून बसला.