पिशवीकडे बघणारी आपा

आपा पाहुण्याच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. आधी त्याच्या पिशवीकडे बघायची. पिशवी हलते का, टोपलीवर फडकं का बांधलंय, पोत्याला भोकं का पाडलीत, एवढी तपासणी झाली की मग "या, बसा" व्हायचं. मी पहिल्यांदा तिच्या दारात उभी राहिले तेव्हा माझ्याजवळ पुस्तकांचं खोकं होतं. तिनं ते पायानं जरासं ढकलून पाहिलं. आतून काही ओरडलं नाही, म्हणून मला खोली मिळाली.

भूकंपाला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील आणि लातूरला क्लासचा बाजार चांगलाच भरात आला होता. मुलांच्या परीक्षेला नाहीतर प्रवेशाला गावोगावचे आईबाप यायचे आणि दोन-चार दिवसांपुरती खोली शोधत फिरायचे. आपाच्या राहत्या खोलीला लागून एका ओळीत चार खोल्या, वर पत्रे, पुढे अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. तिचा भाऊ स्लॅब टाकून द्यायला तयार होता, हिनं टाकू दिला नाही. "पत्रा पडला तर डोकं फुटतंय, माणूस जात न्हाई," म्हणायची. मी उमरीची. रेल्वेनं नांदेड आणि तिथून एसटीनं लातूर करत एका क्लासात जीवशास्त्र शिकवायला आले, आठ दिवसांसाठी म्हणून खोली घेतली आणि तीन वर्षं राहिले.

येणाऱ्याला भाडेकरू म्हटलेलं तिला खपत नसे. "पाहुणे म्हणा मॅडम. पाहुणा जाणार हे म्हाईत असतंय, मग वाईट वाटत न्हाई." वाईट मात्र तिला दरवेळी वाटायचं. पाहुणे गेले की ती त्यांची खोली झाडायला घ्यायची आणि तासभर झाडत बसायची. तेवढ्याशा खोलीत झाडायला असतं काय? शेजारची खोली रिकामी असली की ती माझ्या दाराशी दोनदोनदा येऊन विचारायची, "जेवलाव का?" भिंतीपलीकडे कुणाचा तरी खोकला, भांडं, पाठांतर ऐकू येत असलं की तिचा दिवस बरा जायचा.

आणि तरीही दारावर तिनं पेंटरकडून रंगवून घेतलं होतं: 'जितं जनावर आणू नये.' आता खेड्यावरून पोराच्या परीक्षेला आलेला माणूस काय काय घेऊन येईल याचा नेम नसतो. एकानं पोराला पेपर झाल्यावर रस्सा खाऊ घालायचा म्हणून जिवंत कोंबडी आणली. आपा म्हणाली, "माझ्या चुलीवर शिजव, मसाला बी मीच देते. पण जिती माझ्या घरात ऱ्हायची न्हाई." एका मुलीला पोपटाशिवाय अभ्यास होत नव्हता. तो पिंजरा समोरच्या कडबा विकणाऱ्या मामांकडे गेला. ही आपाची रीत ठरलेली होती. माणूस ठेवून घ्यायचा आणि त्याचं जनावर मामांच्या छपरात पाठवायचं. ज्यांना हे पटायचं नाही ते दुसरीकडे जायचे. मग आपा रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहायची, पण बोलावून परत आणायची नाही.

लोकांना वाटायचं, बाई घाणीला भिते. नांदेडचं एक कुटुंब मोटारीतून आलं, मांडीवर पांढरं केसाळ कुत्रं. बाई म्हणाल्या, "आमचा अजिबात चावत नाही हो." आपा म्हणाली, "चावायचं भ्या न्हाई मला. वरडायचं हाय." त्या हसल्या. मीही हसले.

माझं हसणं जाऊ द्या, मी त्याहून मोठा प्रताप आधीच करून बसले होते. पहिल्याच महिन्यात एकदा चहा देताना आपानं विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही जनावराचंच शिकवताव न्हवं? जमीन हालायची आसंल तर जनावराला आधी कळतंय का हो?" मी नवी मास्तरीण, बोटांचा खडू अजून पुसला नव्हता. म्हटलं, कळतं की. त्यांचे कान तीक्ष्ण असतात, कंपनं आपल्या आधी जाणवतात. वर साप, कुत्री, गुरं अशी उदाहरणंही दिली. ही गोष्ट अजून कुणी पक्की सिद्ध केलेली नाही, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. आपा माझा भरलेला कप तसाच उचलून आत घेऊन गेली. मला वाटलं, बाई प्रभावित झाली.

नांदेडच्या त्या मंडळींनी कुत्रं मामांकडे सोडतो म्हणून सांगितलं आणि गुपचूप मोरीत कोंडून मुलीला परीक्षेचं केंद्र दाखवायला गेले. भर दुपारी ते रडायला लागलं. आपा भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून धावत सुटली, एकेक दार बडवत. "भाईर या, लेकरं घेऊन भाईर या!" आम्ही सगळे समोरच्या मोकळ्या जागेत, डोक्यावर वह्या धरून दोन तास उन्हात. कुणाची डाळ करपली, एका मुलाला चक्कर आली. काहीच हललं नाही. मालक परत आले तेव्हा कुत्रं शेपटी हलवत बाहेर आलं. चक्कर आलेल्या मुलाचा बाप आपाला तोंडावर म्हणाला, "बाई, तुम्हाला दवाखाना दाखवा." संध्याकाळपर्यंत तिन्ही खोल्या रिकाम्या झाल्या.

तेव्हा तिनं मला सांगितलं. गाव किल्लारीच्या बाजूचं, घर दगडमातीचं, मागच्या छपरात एक शेळी. गणपती बुडवून गाव झोपलं आणि ही शेळी दिवेलागणीपासून ओरडतच होती. "आमचे ते उठले होते. बघून येतो म्हणले. मीच हात धरून बसवलं. म्हणलं, तिला सवयच हाय, झोपा. पहाटं घर बसलं. मी दाराजवळ होते म्हणून मातीतनं काढलं मला. ते आतल्या अंगाला. छपराला काय बी झालं न्हाई मॅडम. छपरात गेले असते तर…" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ती सांगत होती. तुम्हीच म्हणलाव, त्यांना कळतंय."

ज्या प्रश्नावर ती बाई इतकी वर्षं जगत होती, त्याचं उत्तर मी चहाबरोबर देऊन टाकलं होतं. तसं काही नसतं म्हणायला तोंड उघडलं, पण ती आता ते कसं खरं मानणार? आणि ते खोटं असल्याची तरी मला कुठे खात्री होती?

'येडी आपा' हे नाव क्लासच्या गल्लीत पसरायला दोन दिवस पुरले. जवळच चारमजली वसतिगृहं उठत होती. पंधरा दिवस एकही पाहुणा आला नाही. आपा रोज तिन्ही रिकाम्या खोल्या झाडायची आणि माझ्या दाराशी चारचारदा यायची. मला, खरं सांगते, कंटाळा येऊ लागला. मी कडी लावून वाचत बसायचे.

अशात एका संध्याकाळी निलंग्याकडची एक म्हातारी आली. सोबत क्लासला घालायची नात आणि दोरीला शेळी. घरी मागे कुणी नव्हतं. मामा गावी गेलेले, छपराला कुलूप. एरवी पिशवीकडे बघणारी आपा शेळीकडे बघत उभी राहिली. मी दारातून पाहत होते. मला वाटलं, आता हात जोडणार. तिनं एकदा रिकाम्या खोल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "लेकराला आत घ्या. हिला मी बघते."

शेळी कडुनिंबाला बांधली. आपानं बाज तिच्यासमोर ओढली, मांडी घालून बसली आणि दोरी हातात धरली. "बोल बाई," म्हणाली. "बोल. ऐकायलेय मी."

सकाळी मी क्लासला निघाले तेव्हा ती तशीच बसलेली होती, डोळे लाल. शेळी तिच्या पायाशी रवंथ करत होती. म्हातारी तोंड धुऊन आली आणि नवल करत म्हणाली, "एकदाबी वरडली न्हाई की! नातीच्या क्लाससाठी हिचं करडू इकलं परवा. तवापासून एकटी ऱ्हाईली की नुसतं वरडायलीय. सोबत घावली म्हणून गप बसली बघा."

आपाच्या हातातली दोरी गळून पडली. तिनं शेळीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "आमचं बी करडू त्याच आठवड्याच्या बाजारी गेलतं." आणि माझ्याकडे वळून: "मॅडम, इतकी वर्सं मला वाटलं ती माझ्यासाठी वरडली. ती तिच्या लेकरासाठी रडत होती." आणि आपा रडली. तीन वर्षांत मी तिला रडताना त्या एकाच सकाळी पाहिलं. मी जवळ बसले आणि म्हटलं, आपा, तेव्हा मी चुकीचं सांगितलं. तिनं पदरानं नाक पुसलं. "तुम्ही पुस्तकातलं सांगितलं. पुस्तकाला तिचं करडू काय म्हाईत."

दारावरची अक्षरं तिनं त्याच आठवड्यात चुन्यानं पुसली. पाहुणे फार वाढले नाहीत. आले त्यांची जनावरं कडुनिंबाला बांधली जायची आणि आपा त्यांच्याजवळ बसायची. वर्षभरानं मला नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागली. निघताना तिनं माझ्या पिशव्या पाहिल्या, पायानं ढकलल्या नाहीत. "पाहुणाच तुम्ही," एवढंच म्हणाली आणि खोली झाडायला आत गेली. मी पुन्हा येईन म्हणाले होते. गेले नाही. दोन वर्षांनी कडब्याच्या मामांचा फोन आला तेव्हा आपाला मातीत ठेवूनही महिना झाला होता. शेवटी चारही खोल्या रिकाम्या होत्या म्हणाले.

क्लासात असताना आम्ही सगळेच आईबापांना एक वाक्य ऐकवायचो. मूल रडतंय, जेवत नाही, घरी चल म्हणतंय, असा फोन आला की म्हणायचं, "सवय होईल त्याला." मी ते वाक्य शेकडो वेळा म्हटलेलं आहे. आता म्हणवत नाही. वर्गातली एखादी मुलगी तोंड फिरवून डोळे पुसताना दिसली की तास संपल्यावर मी खुर्ची तिच्या बाकाशी ओढून बसते. ती म्हणते, काही नाही मॅडम. मी म्हणते, बोल बाई. ऐकायलेय मी.