देवाला ऑइलपेंट

पाथर्डीच्या स्टँडवर मला पुण्याच्या एसटीत बसवताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून शेवटचं विचारलं, "प्राचीन इतिहास, व्हय? मंग त्यात नोकरी कशाची लागती?" मी तोंड उघडायच्या आत गाडी हलली. सुटलो एकदाचा! पण कसलं काय. आज एम.ए. संपत आलं तरी गावात भेटेल तो तेच विचारतो. कुणी चुकून वेगळं विचारलंच, तर "जमिनीत सोनं कुठं पुरलंय, कळतं का रं तुला?" इकडे होस्टेलवरची स्पर्धा परीक्षावाली पोरं म्हणतात, "मेलेल्या राजांचं काय लोणचं घालणार?"

माझ्या प्रबंधाचा विषय मात्र आमच्याच बांधावर उभा होता. कमरेइतका वीरगळ, म्हणजे गुरं वाचवताना लढून पडलेल्या कुणाच्या तरी स्मरणार्थ कोरलेला दगड. खाली गाई, मध्ये लढाई, वर स्वर्ग. आमच्याकडे तो 'बांधावरचा देव'. पेरणीआधी नारळ, अमावास्येला तेल. त्याच्या कडेच्या रेघा ही अक्षरं आहेत, बहुधा त्या वीराचं नाव, हे मला पुण्यात शिकल्यावर कळलं. ती वाचली तरच प्रबंध होणार होता. माझे मार्गदर्शक सर स्वतः यायला तयार झाले आणि मी घरी फोन केला, "सर देव बघायला येणारेत." झाला घोळ.

सरांना घेऊन बांधावर पोचलो, तर देव लखलखत होता. अंगाला पिवळाधमक ऑइलपेंट, गाई पांढऱ्या, तलवार चंदेरी. अक्षरं पुट्टी भरून गुळगुळीत.

"पाहुनं येनार म्हनून म्या सोता ब्रश मारला," दादा म्हणाले.

"दादा, अक्षरं होती ती!"

"खड्डे पडले हुते. भरले."

रडावं की दगडावर डोकं आपटावं, मला कळेना. आईनं सरांच्या हातात नारळ दिला. त्यांनी तो मुकाट्यानं फोडला.

सर गेल्यावर दादा हळूच जवळ आले. "मंग? नाव कळलं का देवाचं?"

"नाव?" मी विचारलं.

"आज्याला बी ठावं नव्हतं. नारळ फोडताना काय म्हनून हाक मारावी, दर साली अडतंय. म्हनलं, आपलं पोर त्येच शिकायला गेलंय."

नोकरीवरून माझा जीव खाणारा हाच तो माणूस!

प्रबंधाचा विषय बदलावा लागला. आता सुट्टी लागली की सरांनी सुचवलेलं औषध आणि कापूस घेऊन मी गावी जातो, बांधावर बसून टीचभर रंग काढतो. आई अमावास्येला वर तेल ओततेच, सांगून थकलो. घर म्हणजे आता हे असं आहे. ज्यांनी अक्षरं बुजवली, तेच ती वाचायला सगळ्यात उतावळे.

पहिलं अक्षर निघालं, 'मा'. यंदा पेरणीआधी दादांनी नारळ उचलला, हात जोडून "मा" म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे वळले.

"फुडचं कवा?"