सगळ्यांत मागची कोयती

मुकादमीण गवताचा दर पायांनी काढायची. कोणाच्या आवारातलं, बागेतलं गवत कापायचं बोलावणं आलं की ती फाटकाशी पदर खोचायची आणि कमरेएवढ्या गवतात अनवाणी शिरायची. या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश चालत जायची. मध्येच थांबून एखादी काडी मोडायची, चावायची, थुंकायची, पुढे निघायची. पलीकडे पोचली की डोळे मिटून क्षणभर उभी. ओठ तेवढे हलायचे. मग दर सांगायची, आणि तोही एकदाच.

घासाघीस करणाऱ्यांची आमच्याकडे कमी नव्हती. बांगड्याच्या वाट्यावर एक बांगडा जास्त घेतल्याशिवाय घरी न जाणारी माणसं आम्ही. पण मुकादमिणीपुढे डाळ शिजत नसे. ती म्हणायची, "दर सांगलंय. आता तुमी बोला, मी ऐकतंय." आणि पान चघळत, हसत खरंच ऐकत बसायची, समोरच्याला स्वतःच्या बोलण्याचा कंटाळा येईपर्यंत.

थक्क व्हायचं ते पुढे. तिने चार दिवस सांगितले की चौथ्या दिवशी सूर्य समुद्राकडे कलताना शेवटची मूठ कापलेली असे. पाचवी सकाळ नाही आणि चौथी दुपारही नाही. डाक बंगल्याचं आवार असो, चर्चच्या मागचं सिमेंटेरीचं गवत असो, नाही तर सड्यावरच्या हायस्कुलाचं भलंमोठं मैदान असो. पाटीवर अक्षर गिरवलेलं नाही, नवे पैसे आल्यावरही हिशेब आण्यांत, आणि अंदाज असा, की आमचे हेडमास्तर म्हणत, "हिने भूमिती शिकवायला घेतली तर मला राजीनामा द्यावा लागेल."

नऊ बायांची तिची टोळी होती, तिला धरून. नवरात्र ते दिवाळी हा त्यांचा हंगाम. त्यातलं सगळ्यांत मोठं काम शाळेच्या मैदानाचं. त्या कामावर नऊ घरांतले दिवाळीच्या चावदिसाचे पोहे व्हायचे, आणि टोळीतल्या थोरल्या मारयानचा नाताळही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा आणि मुंबईहून परतलेला होतो. परतलेला म्हणजे परत पाठवलेला. एका क्लबाच्या कोठारात कारकून होतो, तो क्लबाने मोकळा केला. त्याच आठवड्यात क्लबाने गवत कापायचं जुनं ढकलयंत्रही मोडीत काढलं. आम्ही दोघे एकाच लायकीचे ठरलो म्हणून की काय, मला त्याचा लळा लागला. उरलेल्या पगारातून ते विकत घेतलं आणि आगबोटीने मालवणला आणलं. बंदरात पडावात उतरवताना खलाशाने विचारलं, "ह्या काय रे, शेवयांचा यंत्र?" आईने ते अंगणात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "लोकांचे झील मुंबैसून आवशीक लुगडा आणतत. माझ्या झिलान दातांचो सांगाडो आणल्यान!"

पण माझ्या डोक्यात धंदा शिरला होता. त्यासाठी मी मुकादमिणीचा अभ्यास केला. डाक बंगल्याच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, बसून टोळीतल्या शेवंतीचा हात पाहिला. शेवंती म्हणजे वीज. कोयती दिसायची नाही, नुसतं गवत आडवं होताना दिसायचं. तासाला ती किती कापते ते मी टेप लावून मोजलं, त्याला नऊने गुणलं, शाळेच्या मैदानाला भागलं. उत्तर आलं अडीच दिवस. आणि मुकादमीण दरवर्षी चार दिवसांचा दर सांगत होती! मी तो कागद घेऊन थेट हेडमास्तरांकडे गेलो.

"सर, ही बाई दरसाल शाळेचा दीड दिवस खाते."

हेडमास्तरांनी कागद उलटसुलट पाहिला. त्या वर्षी तिने छत्तीस रुपये सांगितले होते. मी म्हटलं, पंचवीस. शाळेचे पैसे, वाचत असतील तर नाही कसं म्हणणार? त्यांनी काम मला दिलं. दिवाळीनंतर तालुक्याचे खेळ त्या मैदानावर व्हायचे होते.

पहिल्या सकाळी नऊजणी गडग्यावर येऊन बसल्या. मी यंत्र ढकललं. गवत वाकलं, यंत्र वरून गेलं, आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार करून उठावं तसं गवत पुन्हा उभं राहिलं. क्लबातलं गवत बोटभर असायचं हे मला त्या क्षणी आठवलं. मी नेट लावला. आडव्या पात्यात लाजाळूच्या वेली गुंडाळल्या गेल्या. त्या सोडवून पुन्हा ढकललं, तर गवतात दडलेल्या जांभ्या दगडावर पातं आपटलं आणि त्याचा तुकडा उडून हेडमास्तरांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलून माझ्या हातावर ठेवला.

गडग्यावरून फक्त शेवंतीचा आवाज आला. "गो बाय, गवताक गुदगुल्ये करून झाले."

संध्याकाळी मी मुकादमिणीच्या घरी, पुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो. ती कोयत्यांना धार लावत होती. मान वर न करता म्हणाली, "ये रे मशीनवाल्या. बस."

"काकी, मैदान तुम्हीच कापा."

"कापूया. छत्तीस रुपये. चार दिस. गवत आमचा."

ती मला चेपणार, पन्नास सांगणार अशी तयारी करून मी गेलो होतो. आधीचाच दर ऐकून मला जास्त लाज वाटली. तरी कोडगेपणा जाईना. "शाळा मला पंचवीसच देणार. वरचे मला खिशातून घालायचे आहेत. थोडं कमी करा ना."

"दर माझो असतो तर केलंय असतंय. दर त्या बायांचो आसा."

"मग मीही कापायला येतो. फुकट. दहा हात झाले, मग तरी कमी होईल?"

आता तिने मान वर केली. माझ्या हातांकडे पाहिलं, मुंबईच्या कोठारात शाई सोडून कशालाही न लागलेल्या. "ओळीत फुकट कोण कापणा नाय. इलंस तर कोयती, आणि कोयती म्हटली की सगळ्यांसारखो रोज. तू इलंस तर दर वाढात. चाळीस."

"पण दहाजण असलो तर दिवस तरी कमी..."

"तू आसलंस तर चारच."

आत चुलीपाशी कोणीतरी फिस्सकन हसलं. मला त्यातलं काही कळलं नाही. पण माघार घेतली तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. मी चाळीस कबूल केले. स्वतःच्या खिशातून पंधरा घालून स्वतःच मजुरीला जाणारा धंदेवाला मालवण तालुक्यात माझ्याआधी झाला नसावा.

दुसऱ्या दिवशी ओळीत उभा राहिलो. दहाजण एका रेषेत, प्रत्येकाला आपला पट्टा. मुकादमिणीने "चला गो" म्हटलं आणि कोयत्या चालल्या. पाचव्या मिनिटाला शेवंती पुढे गेली, दहाव्याला सगळ्याच. माझ्या बरोबर राहिली एकटी मारयान, सत्तरीची, पाठीतून वाकलेली. थोड्या वेळाने तीही पुढे गेली. जाताना म्हणाली, "देव बरें करूं पुता. आज कितक्या वर्सांनी माझ्या मागसून कोण तरी आसा."

मला वाटलं, पलीकडे पोचलेल्या बाया आता दुसरी ओळ धरतील. त्यांनी धरली नाही. कडेला बसल्या, कोयत्या मांडीवर ठेवल्या आणि मोठमोठ्याने गजाली, गप्पा सुरू केल्या. त्यातल्या निम्म्या माझ्यावर. मी हाताला फोड आणून, घामाने आंधळा होऊन पोचलो, तेव्हा कुठे मुकादमीण उठली. "चला गो." पुन्हा सगळ्या एका रेषेत.

दुपारी भाकरी सोडताना मी मारयानला विचारलं, थांबता कशाला? तिने हात थांबवला. "जनावर," ती म्हणाली. आमच्याकडे सापाला जनावर म्हणतात. गवत कापत जावं तसं जनावर उभ्या गवताकडे सरकतं. सगळ्या पुढे गेल्या आणि एकटीच्या वाटचं गवत उभं राहिलं, तर मैदानातली सगळी फुरशी तिच्या पायाशी गोळा होतात. मुकादमिणीची धाकटी बहीण अशीच मागे राहिली होती. तेव्हाचा मुकादम पुरुष होता, त्याला काम लवकर उरकायचं होतं. बहिणीला घरापर्यंतही नेता आलं नाही. "तवांपासून ही मुकादमीण," मारयान म्हणाली. "सगळ्यांत मागची कोयती पोचल्याबगर फुडची हलाची नाय. आनी म्हणान दरूय मागच्या कोयतीचो."

मी भाकरी हातात घेऊन तसाच बसलो. माझ्या कागदावर नऊ शेवंती होत्या. मुकादमिणीच्या मिटल्या डोळ्यांपुढे एकटी मारयान होती. ती गवत पायांनी चाचपायची, दगड किती, ओल किती, काटा किती, आणि मग डोळे मिटून त्यातून सगळ्यांत सावकाश चालणारा हात शेवटापर्यंत नेऊन आणायची. तो हात पोचला की तिचा दर तयार. जो दीड दिवस ती शाळेचा खाते म्हणून मी बोंबललो होतो, तो मारयानचा होता. आणि या वर्षी दहा हात असूनही दिवस चारच होते, कारण तिने मला पाहिल्याबरोबर मारयानच्याही मागे नेऊन ठेवलं होतं. एवढा अचूक अंदाज माझ्याबद्दल माझ्या आईनेही केला नव्हता.

चौथ्या दिवशी सूर्य कलताना शेवटची मूठ मी कापली. मुकादमिणीने सगळ्यांबरोबर माझ्या हातावर चार रुपये ठेवले, शेवंतीला दिले तेवढेच. मी घेईना, तर म्हणाली, "घी रे मेल्या. नाय घेतलंस तर उद्या मारयान माका इचारीत, माझे कित्याक घेवचे?"

यंत्र आमच्या माडाखाली पडलं ते पडलंच. त्यावर कोंबड्या बसायच्या, आणि पाहुणे आले की आई आधी चहा द्यायची आणि मग यंत्र दाखवायची. हेडमास्तरांनी मात्र, कोण जाणे कोणत्या गुणावर, मला पुढच्या वर्षी शाळेत कारकून म्हणून घेतलं. मैदानाच्या गवताचं काम माझ्याकडे आलं. दरवर्षी मी मुकादमिणीला निरोप धाडायचो, ती चालायची, डोळे मिटायची, चार दिवस सांगायची. मारयान गेली, टोळीत एक नवी बाई आली, तरी दिवस चारच राहिले. लोकांना वाटे, मैदान तेवढं आहे. मला ठाऊक होतं की ओळीत सगळ्यांत मागे, मारयानच्या जागी, आता मुकादमीण स्वतः आली होती.

साठचं दशक सरत आलं तेव्हाची गोष्ट. आदल्या पावसाळ्यात ती विहिरीपाशी पडली होती. मैदान चालताना हातात काठी होती. अर्ध्यावर एका दगडावर बसली, पुन्हा उठली. आम्ही गडग्याशी उभे होतो, मी, नवे हेडमास्तर आणि टोळीतल्या बाया. पलीकडे पोचून तिने डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"अठ्ठेचाळीस रुपये. तीन दिस. गवत आमचा."

हेडमास्तर खूष. "वा! यंदा एक दिवस कमी!" आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

मी मात्र मनात हिशेब केला. तेव्हा रोज दोन रुपये होता. अठ्ठेचाळीस म्हणजे आठ कोयत्या. तीन दिवस म्हणजे ओळीत मागे राहणारं कोणी नाही. तिने मिटल्या डोळ्यांपुढे सगळ्यांना उभं केलं होतं आणि स्वतःला काढून टाकलं होतं.

"काकी, दर चुकलो," मी म्हटलं.

हे वाक्य त्या गावात तिला कोणी कधी म्हटलं नव्हतं. बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

"खंय चुकलो?"

"बहात्तर. चार दिस. कोयत्ये नऊ."

"अहो, तुम्ही शाळेचे की त्यांचे?" हेडमास्तर ओरडले.

"सर, घरी माझं यंत्र आहे. ते आणू का?" यंत्राची कथा त्यांच्याही कानावर होती. त्यांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं.

मुकादमीण काठीवर भार देऊन माझ्याकडे पाहत राहिली. "माझ्यासाठी शाळेन चोवीस रुपये जास्त कित्याक घालूचे? खुळो काय रे तू?"

"दर सांगलंय," मी म्हटलं. "आता तुमी बोला, मी ऐकतंय."

शेवंतीचेही केस आता पिकले होते. ती खाली बघत म्हणाली, "चारच दिस होतत गो मुकादमीण. मैदान काय ल्हान झाला?"

चार दिवस झाले. प्रत्येक ओळीला आठजणी पलीकडे जाऊन बसायच्या, कोयत्या मांडीवर, आणि घसा ताणून गजाली करायच्या. उभ्या गवतात एक वाकलेली पाठ सावकाश सरकत यायची. चौथ्या दिवशी सूर्य कलताना शेवटची मूठ तिने कापली, तिथेच बसली, धाप ओसरू दिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बरोबर आसा दर."

पुढच्या श्रावणात ती गेली.

नवरात्रात बाया मैदानाशी आल्या, पण आत कोणी शिरेना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी चपला काढल्या. गवतात शिरलो, दगड लागले, काटे लागले, एक काडी चावून पाहिली, कडू होती. पलीकडे पोचून डोळे मिटले आणि या बायांच्या ओळीत आता सगळ्यांत मागे कोण दिसतं ते पाहिलं. ती पोचेपर्यंत थांबलो. मग दर सांगितला.

एकदाच.