विमलने तो ऐकला होता

विमल गेली त्याच्या तीन दिवस आधी मी तिला भेटले. नागपुरात, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. त्याच गल्लीत चार घरं सोडून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिने एकतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली होती. तिला बोलताना धाप लागत होती, तरी मी स्टूल ओढून बसायच्या आत तिने विचारलं, "लिहिलं का वं?" मी म्हटलं, हो, लिहिलं, पाठवलंसुद्धा. तिने डोळे मिटले आणि मला वाटतं ती थोडी हसली... मी काहीही लिहिलं नव्हतं. मरणाच्या दारातल्या मैत्रिणीशी मी खोटं बोलले, आणि ते माझं पहिलं खोटं नव्हतं. आज दीड महिन्याने हा लेख लिहिते आहे तो तिच्या आठवणीसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त ते खोटं निस्तरायला. स्मृतिलेखात नुसती फुलं वाहिलेली ज्यांना आवडतात त्यांनी खुशाल पान उलटावं.

विमल कुहीकडच्या एका शेतकरी घरातली. घराण्यात शिकून नागपूरला नोकरीला आलेली पहिली मुलगी. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, वेळ नाही भेटला. मी धरमपेठेतल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आमची गाठ पडली ती अंबाझरी तलावाच्या काठावर, रविवारी सकाळी पक्षी पाहायला जमणाऱ्या गटात. गटातल्या पुरुषांच्या गळ्यात हातभर लांबीच्या लेन्स, आणि हिच्याकडे भावाने दिलेली जुनी दुर्बीण. कॅमेरा तिने कधी घेतला नाही. कोणी सारखा खटाखट बटण दाबू लागला की ती शांतपणे विचारायची, फोटो काढून राहिला का पाहून राहिला? लोक चिडायचे. पण झाडीत न दिसणारा पक्षी कोणता हे कोणाला कळेना की त्याच लोकांच्या माना हळूच तिच्याकडे वळायच्या. दिवसभर काचेच्या पट्ट्या तपासून डोळे शिणायचे, म्हणून दुपारचा डबा ती लॅबच्या मागच्या कडुलिंबाखाली डोळे मिटून खायची, आणि तिथेच तिचे कान तयार झाले. त्या कडुलिंबावर दर हिवाळ्यात उत्तरेकडून हिरवट वटवट्या यायचा. चिमणीहून लहान, पानाच्या रंगाचा, डोळ्यावर लांब फिकट भुवई आणि पंखावर एक बारीक रेघ. दिसतो कमी, पण दिवसभर 'चिस्वी, चिस्वी' करत राहतो. आपल्याकडे इतका साधा, की गटातले जुने लोक त्याच्याकडे मान वर करूनही पाहत नाहीत. विमल मात्र पहिला ऐकला की मला फोन करायची आणि नाव-गाव काही न सांगता एवढंच म्हणायची, आला.

ती निवृत्त झाली तेव्हा तिची भाची पल्लवी दक्षिण स्पेनमध्ये ग्रानादा गावी नोकरी करत होती. मावशी, ये, इथे डोंगर आहेत, म्हणून तिने हट्ट धरला. मावशीने अट घातली की सुधा, म्हणजे मी, आली तर येते, मले बोलाले कोणी पाहिजे. अशा रीतीने तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात साठी ओलांडलेल्या आम्ही दोघी, जवसाची चटणी आणि भाजणी बांधून, सिएरा नेवाडाच्या दक्षिण उतारावरच्या एका पांढऱ्याशुभ्र खेड्यात जाऊन उतरलो. पल्लवीच्या ओळखीचे राफाएल नावाचे निवृत्त पोस्टमन तिथे राहत; आमचा मुक्काम त्यांच्याच घरी. आयुष्यभर त्या डोंगरात टपाल वाटताना त्यांनी पक्षी पाहिलेले. माणूस फार भला. त्यांना थोडं इंग्रजी यायचं, विमलला इंग्रजी वाचून कळायचं पण बोलायचा धीर नव्हता, म्हणून मधली दुभाषी मी. त्यांनी आम्हाला लाल चोचीचे डोंगरी कावळे दाखवले, गप्पीदासाच्या कुळातला एक काळा कुळकुळीत पक्षी दाखवला. एका दिवशी दुसऱ्या डोंगररांगेत नेलं, तिथे एका कड्यावरून गिधाडं उठली, एकामागून एक, मोजता येईनात इतकी. विमल खाली बसली आणि ढसाढसा रडली. राफाएल घाबरले, पाणी घेऊन धावले. तिच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की अशीच गिधाडं उतरायची आणि मग पाहता पाहता ती विदर्भातून नाहीशी झाली, हे मी त्यांना सांगितलं. तेही तिच्याशेजारी जमिनीवर बसले. हे सगळं अशासाठी सांगते की राफाएल खलनायक नव्हते. या गोष्टीत खलनायक असलाच तर तो मी आहे.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही गावावरच्या चेस्टनटच्या झाडीतून पाटाच्या कडेने चाललो होतो. राफाएल पुढे, आम्ही मागे. विमल एकदम थांबली. तिने माझा दंड धरला. आणि मी ऐकलं... चिस्वी. पुन्हा, चिस्वी. नागपूरपासून हजारो मैलांवर, त्या परक्या झाडात, लॅबच्या मागचा कडुलिंब बोलत होता. हा पक्षी रशियाकडून, हिमालयाकडून हिवाळ्यात आपल्याकडे उतरणारा. एखादाच वाट चुकून उलटा पश्चिमेला जातो, आणि त्या देशात तो सापडणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. विमलने दुर्बीण लावली, पानांत तो तिला सापडला; भुवई, रेघ, सगळं. मला नुसती हालचाल दिसली. राफाएल परत येईपर्यंत तो फांद्यांत वर सरकला होता आणि गप्प झाला होता. त्यांना पाठमोरा ओझरता दिसला, ते हसून म्हणाले, हा तर आमचा नेहमीचा चिफचाफ. त्याच कुळातला, तसाच दिसणारा, तिथे झाडाझाडावर असणारा. मग त्यांनी अदबीने विचारलं की बाईंना खात्री आहे का.

विमल म्हणाली, "त्यायले सांग, हा आवाज मी तीस वर्षं झाले ऐकून राहिली. माह्या लॅबच्या मांगच्या झाडावर असते तो. खात्री हाय का म्हणून मले नको विचारू म्हणा."

मी भाषांतर केलं. मी सांगितलं की माझ्या मैत्रिणीला असं वाटतं आहे की कदाचित हा तिच्या ओळखीचा पक्षी असू शकेल, अर्थात तुम्ही इथले जाणकार आहात. विमल माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण आपण दगड दिला आणि बाईने समोर कापूस ठेवला हे कळायला भाषा लागत नाही. तरी ती दुर्बीण गळ्यात टाकून पुढे चालू लागली.

राफाएलनीच भलेपणाने सुचवलं की दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणारी एक समिती आहे, तिला अर्ज पाठवा. त्यांच्या घरी परतल्यावर मी तो इंग्रजीत भरला. विमलने सांगितलेलं सगळं नीट लिहिलं. शेवटी दुसऱ्या निरीक्षकाचा रकाना होता. म्हणजे माझा. तिथे मी लिहिलं की मी आवाज ऐकला, परंतु तो कशाचा होता हे मी खात्रीने सांगू शकत नाही. का लिहिलं? तेव्हा मला ते सौजन्य वाटलं. ज्यांच्या घरची भाकरी खातो त्यांना त्यांच्याच डोंगरात खोटं कसं पाडायचं! सदतीस वर्षं मी मुलांना शिकवलं की इंग्रजीत थेट बोलू नये, 'मला वाटतं' लावावं, 'कदाचित' लावावं. खरं कारण मात्र याहून साधं आणि लाजिरवाणं होतं. गोऱ्या माणसांच्या समितीपुढे नागपूरच्या दोन म्हाताऱ्यांचं हसं होईल अशी मला भीती वाटली, आणि निदान एकीने तरी शहाणी दिसावं म्हणून मी मैत्रिणीला एकटं सोडलं. चार महिन्यांनी उत्तर आलं: छायाचित्र नाही, ध्वनिमुद्रण नाही, सोबतच्या निरीक्षकाला खात्री नाही, नोंद स्वीकारता येत नाही. मी विमलला सांगताना शेवटचं कारण गाळलं. पुरावा कमी पडला म्हणतात, एवढंच बोलले आणि मूग गिळून बसले.

अर्ज आणि उत्तर दोन्ही पल्लवीमार्फत गेले-आले होते; पुढच्या दिवाळीला ती नागपूरला आली आणि तिने मावशीला ते सगळे कागद दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी विमल माझ्या दारात. चहा नको, पाणी नको. कागद टेबलावर ठेवून म्हणाली, तू तो ऐकला होता का नाही, एवढंच सांग. मी म्हटलं, ऐकला होता. तोच होता? तोच होता. मग काहून असं लिहिलं? मी पाहुणचाराचं, सौजन्याचं काहीबाही पुटपुटले. तिने ऐकून घेतलं. मग जे म्हणाली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"आपल्याले त्यायचं जंगल माहीत नाही, हे कबूल. पण त्यायले आपलं झाड कुठं माहीत हाय? तेवढं तं तुले माहीत होतं ना."

दोन महिने ती बोलली नाही. मग एका थंडीच्या सकाळी फाटकाशी तिचा आवाज आला, चाल वं, गोरेवाड्याच्या तलावावर. जसं काही घडलंच नाही. फक्त त्या दिवसापासून प्रत्येक फेरीत, पाणकावळे मोजता मोजता, डब्यातले पोहे वाढता वाढता, ती एकदा विचारायची की लिहिलं का. समितीला पत्र लिहून माझी साक्ष दुरुस्त कर, एवढीच तिची मागणी होती. मी म्हणायचे, लिहिते, या आठवड्यात नक्की. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईने चुका दाखवल्या तिला स्वतःची एक चूक दोन ओळींत लिहिता येईना. मग तिच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं, आणि पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. मी सगळी मेथी निवडून संपवली आणि मग उठले. रडू आलं नाही, राग मात्र आला, स्वतःचाच. आठ दिवसांनी गटाने शोकसभा घेतली. चांगलं बोलले सगळे. शेवटी अध्यक्षांनी तिने पाहिलेल्या पक्ष्यांची यादी वाचली आणि म्हणाले, स्पेनची ती एक वादग्रस्त नोंद तेवढी आपण बाजूला ठेवू, आता गेलेल्या माणसाबद्दल वाद नको. मी उभी राहिले. शाळेत, सभेत, लग्नाच्या मांडवातसुद्धा शुद्धच बोलणारी मी, माझ्या तोंडून विमलचीच बोली बाहेर पडली. "बाजूले काहून ठेवता? मी होती तिथं. मी ऐकला. खोटं मी लिहिलं, तिनं नाही." कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून मला खाली बसवू पाहत होतं, त्यांना वाटलं दुःखाने बाईचा तोल गेला. मी बसले नाही. नोंद यादीत लिहीपर्यंत उभी राहिले, आणि अध्यक्षांनी लिहिली.

त्याच आठवड्यात मी समितीला पत्र पाठवलं. त्यात एकही 'कदाचित' नाही. लिहिलं की मी हा आवाज ओळखते, त्या सकाळी ओळखला होता, आणि माझं आधीचं निवेदन भित्रेपणाने दिलेलं व असत्य होतं. उत्तर सभ्य होतं. मैत्रीण गेल्याचं त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि कळवलं की ध्वनिमुद्रणाशिवाय, इतक्या काळानंतर, निर्णय बदलता येत नाही. पत्र मात्र नोंदीसोबत जोडून ठेवू. मी परत लिहिलं की तुमचा नियम मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. राफाएलनाही लिहिलं. त्यांनी त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवलं की दर ऑक्टोबरात ते त्या चेस्टनटखाली जाऊन उभे राहतात, आता कान देऊन उभे राहतील. समिती मानो न मानो, तो तोच होता. मी हे इथे, आपल्या गावच्या लोकांसमोर, माझ्या नावानिशी लिहिते आहे.

गेल्या रविवारी पल्लवीला मावशीच्या दोन खोल्या आवरायला मदत करायला गेले. कपाटात विमलच्या वह्या होत्या, फुलस्केप, प्रत्येक पानाला तिने हाताने रेघा आखलेल्या. आमच्या गटाची जुनी रीत अशी की विशेष पक्षी दिसला तर सोबत असणाऱ्याने त्या नोंदीपुढे सही करायची. स्पेनची वही मी भीतभीतच उघडली. मला वाटत होतं ते पान फाडलेलं असेल, नाहीतर माझ्या नावावर काट मारलेली असेल; तिला तसा हक्क होता. तसं काही नव्हतं. तिच्या बारक्या, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'हिरवट वटवट्या. एक. आधी ऐकला, मग पाहिला. सोबत सुधा. तिनंही ऐकला.' पुढे सहीची जागा कोरी. सगळं कळल्यानंतरही तिने त्यातला एक शब्द बदलला नव्हता. मी पल्लवीकडून पेन मागून घेतलं आणि सही केली. खाली तारीख कोणती टाकणार, पल्लवीने विचारलं, त्या दिवसाची का? मी म्हटलं, नाही, आजची. उशीर झाला तो झाला, तोही नोंदीत असू दे.