टाचणीबाईंची दोन कार्डं

सगळी गल्ली त्यांना टाचणीबाई म्हणायची, आणि त्यात गल्लीची काही चूक नव्हती. कपड्यांची दुरुस्ती हा बाईंचा धंदा. पँट आखूड करायची, कोट सैल करायचा, बिघडलेली चेन बदलायची. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहिलं की बाई गुडघे टेकून कापडाला टाचण्या लावायला बसायच्या आणि त्या टाचण्या असायच्या ओठांत. टाचण्यांची चांगली कापसाची उशी होती दुकानात, पण हात आपला तोंडाकडेच जायचा. त्यामुळे अर्धा दिवस त्यांना बोलताच यायचं नाही. ‘हं’ म्हणजे हो, ‘अंहं’ म्हणजे नाही, एवढ्यावर गिऱ्हाइकं भागवून घ्यायची. तोंड मोकळं झालं की मात्र बाई अर्ध्या दिवसाची भरपाई करायच्या.

त्यांचे यजमान लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. महिन्यातले थोडेच दिवस घरी, बाकी सगळे रस्त्यावर. माणूस सरळ, कष्टाळू, पण फोन हातात आला की तोंडाला कुलूप. निरोप असेल तर बोलायचं, नसेल तर कशाला बोलायचं, असा त्यांचा हिशेब. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांचे फोन म्हणजे ‘पोचलो’ आणि ‘निघालो’.

हे सगळं बदललं ते कार्डामुळे. यजमानांनी बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं, तेव्हा त्याला जोडून बायकोच्या नावाचं एक कार्ड मिळालं. खरेदी बाईंनी करायची आणि मेसेज जायचा यजमानांच्या फोनवर. त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम, बस्स. काय घेतलं ते नाही. तेवढ्यानं त्या मुक्या माणसाला वाचा फुटली. पुढच्या पंपावर गाडी उभी केली की लगेच फोन.

“केमिस्टकडे गेली होतीस? सर्दी?”

“अंहं.”

“खोकला?”

“अंहं.”

“डोकं दुखतंय?”

“हं.”

“तरी मी म्हणत होतो, चष्म्याचा नंबर बदलून घे.”

असं वर्षानुवर्षं चाललं. बाईंना त्याचा कधी कंटाळा यायचा, कधी गंमत वाटायची. पण यजमानांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मात्र डोक्यावरून पाणी गेलं. ट्रक चालवून त्यांची पाठ धरते, म्हणून बाईंनी गाडीच्या सामानाच्या दुकानातून पाठीला लावायची एक उशी घेतली. घरी आले की गुपचूप सीटवर नेऊन ठेवायची, कुणी ठेवली म्हणाले तर कानावर हात ठेवायचे, असा सगळा बेत. दुकानदार उशी कागदात बांधत होता, तोवर फोन वाजला. गाडीचं सामान कशाला, आपल्याकडे गाडी कुठाय, असं स्वतःशीच बोलत बोलत यजमान सीटच्या कव्हरावर आले आणि तिथून नेमके उशीवर. वर विचारलं, महाग वाटते, परत घेतील का.

त्या दिवशी बाईंच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी त्यांनी ‘अंहं’ एवढंच म्हणून फोन ठेवला. दुकानात येऊन उशी टेबलावर आपटली. तिथं त्यांची नणंद तुरपाई करत बसलेली असायची, तिला म्हणाल्या, “मी मेलीनं नाक शिंकरलं तरी यांच्या खिशात घंटा वाजते. आता मी माझं वेगळं कार्ड घेणार.”

आणि घेतलं. बँकेतल्या बाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. दुकानाचं खातं होतं, उलाढालही बरी होती, कागदपत्रं भराभर झाली. कार्डावर पूर्ण नाव मावेना, तेव्हा मधलं, म्हणजे यजमानांचं नाव गाळावं लागलं. टाचणीबाई म्हणाल्या, चालेल.

नवीन कार्ड आलं आणि बाईंना पंख फुटले. महागाची कात्री घेतली, कुणी विचारलं नाही. चपला घेतल्या, कुणी विचारलं नाही. एकदा तर दोन आइस्क्रीम घेऊन दोन्ही एकटीनं खाल्ली. यजमानांना नव्या कार्डाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बरं केलंस, आता जुनं बंद करून टाक, महिनाअखेर त्याची वर्षाची फी लागेल, उगाच भुर्दंड. बोलणं अगदी रास्त होतं. बाईंनी बँकेचा नंबर लिहून आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवला.

मग फोन थांबले. आधी बाईंच्या लक्षातही आलं नाही. मग एका दुपारी आला. यजमानांनी विचारलं, गॅस संपला का. नव्हता संपला. दोन दिवसांनी परत आला.

“तिकडे हवा कशी आहे?”

बाईंच्या ओठांत टाचण्या, पुढ्यात गिऱ्हाईक. हवा कशी आहे याचं उत्तर ना ‘हं’मध्ये देता येतं ना ‘अंहं’मध्ये. यजमान “बरं, ठेवतो” म्हणाले.

महिना संपत आला तशी बाईंनी बँकेला फोन लावायला घेतला. नणंदेनं सुई खाली ठेवली आणि सांगून टाकलं की दादा हल्ली रोज तिला फोन करतो. वहिनी केमिस्टकडे गेली होती का, जेवली का, चष्मा बदलला का.

बाई भडकल्या. “म्हणजे आता तुला पहाऱ्यावर बसवलंय?”

“पहारा कसला, वहिनी,” नणंद म्हणाली. “घरातसुद्धा दादाला आपणहून बोलता येत नाही, फोनवर कुठून येणार? तुझा मेसेज आला की त्याला फोन करायला काहीतरी सापडायचं. आता त्यानं काय विचारून फोन करायचा?”

बाईंना आधी हसू आलं. मग त्या हवेच्या फोनची आठवण झाली आणि डोळे भरून आले. इतक्या वर्षांत आपण होऊन आपण त्या माणसाला काहीच विचारलं नाही, हेही त्याच झटक्यात कळलं. तो विचारणार, आपण ‘हं’ करणार. नवऱ्याच्या अबोलपणाला नावं ठेवता ठेवता आपण तरी कुठे मोठी व्याख्यानं दिली होती?

फोन तसाच ठेवून बाई दोऱ्याच्या दुकानात गेल्या. मशीनचा पट्टा, चेनचा गठ्ठा आणि अस्तराचं कापड स्वतःच्या कार्डावर घेतलं. मग एक दोऱ्याचं रीळ वेगळं काढलं आणि जुनं कार्ड पुढे केलं. दुकानदार म्हणाला, एवढ्याशा रिळाला वेगळं बिल कशाला, त्यातच धरतो की.

“अंहं,” बाई म्हणाल्या.

परत आल्या तर एक गिऱ्हाईक ताटकळत होतं. त्याला आरशापुढे उभं केलं, टाचण्या ओठांत धरल्या आणि त्याच्या पँटचा डावा पाय वर दुमडून टाचला. तेवढ्यात फोन वाजला.

“दोरा घेतलास?” आवाजात जीव आला होता.

“हं.”

“काळा?”

“अंहं.”

“पांढरा?”

बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या, एकूण एक, आणि कापसाच्या उशीत खोचल्या. नणंद तुरपाई थांबवून बघत राहिली. हे दृश्य दुकानात कुणी पाहिलं नव्हतं.

“निळा आहे,” बाई म्हणाल्या. “जुनं कार्ड मी बंद करत नाही. फी लागू दे. ते राहू दे बाजूला, तुमची पाठ कशी आहे? उशी लावता का?”

बाई थांबल्या. या वेळी ‘ठेवतो’ आलं नाही. यजमान आधी म्हणाले, बरी आहे. मग म्हणाले, उशी जरा खाली सरकते, दोरीनं बांधलीय. मग दोरी कुणी दिली ते आलं, त्यावरून घाटातलं धुकं आलं, बंद पडलेला पंप आला. बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि ऐकत राहिल्या. मधूनच “मग?” म्हणत होत्या.

आरशापुढे गिऱ्हाईक एक पाय आखूड आणि एक लांब अशा पँटमध्ये उभंच होतं. नणंदेनं त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.