सरकार बंद असताना

कुणी 'सरकारी नोकर' हा शब्द उच्चारला की चाचांचा उजवा हात आपोआप खांद्यापर्यंत वर जायचा. तळवा पुढं, बोटं जुळलेली. "शपथ राज्यघटनेची घेतलीया, साहेबाची न्हाई," एवढं म्हणून हात खाली घ्यायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू यायचं. तुम्हीही हसला असता.

कोरेगावात बाजारपेठेत, कापडदुकानाच्या वर माझी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली दिवसभर तिथं वाचत बसतात. चाचा रहिमतपूरचे, अत्तर विकणाऱ्या घरातले. तरुणपणी अमेरिकेत गेले, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि केंद्र सरकारच्या हवामान कचेरीत लागले. निवृत्तीनंतर बायको वारली, तेव्हा भावाच्या घरी परत आले. सकाळच्या एसटीनं माझ्याकडं यायचे, खिडकीशी पेपर वाचायचे आणि कुणी विचारलंच तर अमेरिका शिकवायचे.

"तिथं तिजोरी संसदेची, कारभार राष्ट्राध्यक्षाचा. दोघांची जुंपली की न्यायालय कान धरतंय. एकाच्याच हातात सगळं कवाच दिलेलं न्हाई."

"राष्ट्राध्यक्ष बदलला की तुमची नोकरी जायची का ओ?" ऋतुजा नावाच्या मुलीनं एकदा विचारलं.

"न्हाई गं. वरची माणसं बदलायची. आमी लायकीवर लागलेली. रोज हवा मोजायला फुगा सोडायचो. आता फुगा कुठल्या पक्षाचा असतोय, सांग!"

वर्ग हसला. मग चाचांनी सांगितलं, की खर्चाला मंजुरी मिळाली नाही तर तिथं सरकारच बंद पडतं. "म्हंजे सुट्टीच की!" मागून कुणीतरी म्हणालं. चाचा हसले नाहीत.

पोरं जेवायला गेल्यावर त्यांनी मला मार्थाबाईंची गोष्ट सांगितली. मार्थाबाई त्यांच्या कचेरीतल्या कारकून. नवरा नाही, मूल नाही, कचेरी हेच घर. एका हिवाळ्यात सरकार बंद पडलं. फुगा सोडणारे चाचा 'गरजेचे' ठरले, त्यांनी बिनपगारी कामावर यायचं. मार्थाबाई 'बिनगरजेच्या' ठरल्या, त्यांनी घरी बसायचं. अशांना फुकट काम करायलाही कायद्यानं बंदी. तरी त्या रोज यायच्या आणि बर्फात, गाड्या लावायच्या जागेत उभ्या राहायच्या.

"म्हणायच्या, मी कशालाच हात लावत न्हाई, नुसती खुर्चीवर बसते. मी म्हणायचो, बाई, नियम न्हाई, घरी जावा. एक दिवस आल्या न्हाईत. घरात दाराजवळच सापडल्या. अंगात कोट, खांद्याला पिशवी."

"मग?"

"मग रोज सकाळी त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, ताई. कचेरीत मी एकलाच. मी पण गुड मॉर्निंग म्हणायचो. दुसरं काय करणार?"

मी विषय बदलला. एकटा माणूस, थंड मुलूख, असं काहीबाही वाटतंच, हे मी मनाशी ठरवून टाकलं.

यंदा दिवाळीच्या आसपास अमेरिकेत पुन्हा सरकार बंद पडलं आणि लवकर उघडेना. चाचा टाय बांधून यायला लागले. कोपऱ्यातली एक खुर्ची कुणाला देऊ नका, म्हणाले. मी दिली नाही. वडीलधाऱ्या माणसाला खुर्चीवरून कुठं वाद घालायचा?

एकदा मुलं परीक्षेला साताऱ्याला गेली होती. भर दुपारी, उकाड्यानं जीव नकोसा झालेला, मी जिना चढत होते. वर चाचा इंग्रजीत बोलत होते. बोलायचे, थांबायचे, हुंकार द्यायचे, परत बोलायचे. मी आत गेले तर ते एकटेच. कोपऱ्यातल्या खुर्चीखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. वर छत कोरडं, जवळ नळ नाही, बाटली नाही. मी फरशीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. पाणी बर्फासारखं गार होतं.

"चाचा, हे पाणी कुठनं आलं?"

"कोटावरचं हाय. वितळतंय," ते हळूच म्हणाले. "घाबरू नका. लय गरीब बाई हाय."

मी फडकं आणून फरशी पुसली. फडकं पिळून खिडकीत वाळत टाकलं.

सरकार उघडल्याची बातमी आली तेव्हा मला वाटलं, सुटले बिचारे चाचा. पण खुर्चीखाली रोज पाणी साचतच राहिलं. शेवटी चाचांनी अमेरिकेचं तिकीट काढलं. भावानं हात जोडले, मीही रागावले. "या वयात, एवढ्या थंडीत?"

"मी घालवलेलं माणूस हाय ते. मलाच पोचवाय पायजे," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

ते गेले त्या दिवसापासून फरशी कोरडी आहे.

चाचा परत आले नाहीत. मार्थाबाईंचं जुनं घर आता रिकामंच असतं म्हणे. त्याच्या पायरीवर ते बसलेले सापडले, थंडीनं गेलेले. फोन मात्र तिथं नव्हता. तो पार तिकडं, हवामान कचेरीच्या आवारात, एका कठड्यावर मिळाला.

त्याच फोनवरून मला शेवटचा व्हॉइस मेसेज आला होता. आधी नुसता वारा ऐकू येतो. मग आपल्या बोलीत चाचांचा आवाज येतो, "चला बाई. आता तुमास्नी घरापतुर सोडतो." मग बर्फावरची पावलं फोनपासून लांब लांब जातात, ऐकू येईनाशी होतात. पुन्हा बराच वेळ वारा, आणि मेसेज संपतो.

तो पाठवायला कुणाचं तरी बोट लागतं.