बबीन्याचा सामना आणि आमची गुप्त भाषा

झाशीत मराठी कुणालाही कळत नाही, या एका विश्वासावर आमच्या घराण्याचा संसार पिढ्यान्‌पिढ्या सुखाने चालला आहे.

आमचे पूर्वज इकडे आले ते फौजेबरोबर. पुढे तलवार गेली, घोडा गेला, जहागीर तर मुळात नव्हतीच (आत्या म्हणते होती, पण आत्या काय वाटेल ते म्हणते). उरलं हे एकच हत्यार! सदर बाजारात साडीवाल्याच्या तोंडावर माझी बायको सुनंदा गोड हसून म्हणते, "पहिल्या धुण्यात रंग जाणार हिचा, उठा," आणि तो बिचारा "जी भाभीजी, एकदम पक्का माल!" म्हणून मान डोलावतो. लग्नाच्या पंगतीत खुद्द वधूपित्यासमोर आम्ही एकमेकांना खणखणीत आवाजात सांगतो, "पनीर आंबलंय, हात लावू नकोस." ऑफिसात साहेब समोर बसलेले असताना मी घरी फोन करून त्यांच्याविषयी जे बोलतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर आमची मुलगी मुक्ता. कॉलेजच्या फुटबॉल संघात राखीव गोलकीपर. राखीव म्हणजे बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळणं. पण यंदा नेहमीच्या गोलकीपरचं बोट दुखावलं आणि बबीन्याच्या कॉलेजविरुद्धच्या फायनलला एकदाचं मुक्ताचं नाव लागलं. त्यात विद्यापीठाचा संघ निवडणारे सर तो सामना बघायला येणार होते. पोरीची ही पहिली संधी, आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष असल्यामुळे बहुधा शेवटचीच. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणालाही धड जेवण गेलं नाही.

"बाबा, तुम्ही येऊ नका ना," मुक्ता म्हणाली. "तुम्ही बहुत चिल्लाता. मैत्रिणींसमोर माझी पूरी इज्जत जाते."

"तोंडातून शब्द काढणार नाही!"

"हिंदीत एक शब्द जरी आला ना, तर मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही."

हिंदीत! पोरीने करारात केवढं भगदाड ठेवलं होतं! मी ताबडतोब कबूल झालो.

मुक्ता सकाळीच संघाच्या बसने गेली. मागून आमची गाडी निघाली. मी चालवायला, शेजारी सुनंदा, मागे आत्या आणि आत्याच्या मांडीवर दशम्यांचा डबा. (झाशी ते बबीना म्हणजे जेमतेम तासाभराचा रस्ता. पण आत्याच्या मते घराचा उंबरा ओलांडला की प्रवास, आणि प्रवास म्हटला की दुधात भिजवलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी हवीच.) ललितपूरच्या रस्त्याला लागलो तोच एका बंद पडलेल्या स्कूटरशेजारी उभ्या माणसाने हात केला. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आणि मिशा म्हणजे अशा की बघतच राहावं.

"भाईसाहब, बबीना तक छोड़ देंगे? कॉलेज के मैदान पर ड्यूटी है."

शिट्टीवरून मी ताबडतोब ओळखलं की हा होमगार्ड! माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. "बैठिए, बैठिए, हम भी वहीं जा रहे हैं," असं म्हणून मी त्याला मागे आत्याशेजारी बसवलं.

गाडी सुरू झाली, आणि आत्याही.

"मिशा बघ मेल्याच्या! दाराला तोरण बांधून वर उरतील."

"आत्या, हळू!" सुनंदा म्हणाली.

"त्याला काय कळतंय डोंबल! थांब, दशमी देते. लो भैया, खाओ." त्याने ती दोन घासांत संपवली. "अगं बाई, गिळतोय कसा! आठवड्याचा उपाशी दिसतोय. बायको जेवायला घालत नसेल. और लो भैया!"

भैयाने दुसरीही घेतली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. त्याचे खांदे गदगदा हलत होते. रस्त्याला खड्डे फार आहेत, असं मी सुनंदाला म्हणालोसुद्धा.

"मला मुक्ताची काळजी वाटते हो," सुनंदा म्हणाली. "परवा अंगणात तुम्ही मारलेले बॉल काही तिला अडवता आले नाहीत."

"सगळे नाही गेले! फक्त उजवीकडचे, तेही खालून गेलेले." (फुटबॉलमधलं मला इतकं कळतं की एवढ्यावर मी थांबणं शक्यच नव्हतं.) "तिची डावीकडची झेप उत्तम. उजवीकडे खाली वाकायला तिला उशीर होतो. समोरच्या पोरींना हे कळलं ना, तर कारभार आटोपला! पण त्यांना सांगतोय कोण?"

मागे ठसका लागला. आत्याने पाण्याची बाटली पुढे केली.

मैदानापाशी उतरल्यावर होमगार्डने आत्याला वाकून नमस्कार केला आणि तो भराभरा निघून गेला. पलीकडे गोलपोस्टजवळ सराव करणाऱ्या मुक्ताने आम्हाला पाहिलं, त्याला पाहिलं, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आम्ही आल्याचा पोरीला झालेला आनंद पाहून मला भरून आलं. मीही दोन्ही हात डोक्यावर ठेवून तिला उत्तर दिलं.

सामना सुरू झाला. बबीना पडली लष्करी छावणी, त्यामुळे तिथल्या पोरी म्हणजे सगळ्या फौजींच्या लेकी. धावायला लागल्या की जमीन हादरायची. पहिला गोल झाला. उजवीकडून, खालून! थोड्या वेळाने दुसरा. तोही उजवीकडून, तोही खालून! तेवढ्यात सुनंदाने माझा दंड घट्ट धरला.

"अहो, तो बघा! आपला होमगार्ड!"

बबीन्याच्या बाकासमोर उभा राहून तो शिट्टी वाजवत त्यांच्या पोरींना हातवारे करून सूचना देत होता.

"अगं, हा तर त्यांचा कोच!" मी ओरडलो.

"बाई बाई! आणि आपण गाडीत काय काय बोललो!"

"तरी बरं," आत्या म्हणाली, "सगळं मराठीतच बोललो."

"तेच तर!" मी म्हणालो. तिघांनाही हायसं वाटलं.

मध्यंतरानंतर मात्र आमच्या पोरींच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. कोपऱ्यातून आलेल्या बॉलवर एकीने डोकं घातलं, गोल! शेवटच्या मिनिटांत दुसरीने तीन जणींना चकवून बॉल जाळ्यात मारला, गोल! बरोबरी! आत्या खुर्चीवर चढली. तिला खाली उतरवण्याची जबाबदारी सुनंदाने घेतली, आणि मी मैदानाच्या दोरीपाशी धावलो, कारण आता पेनल्टी होत्या. सगळा निकाल एकट्या मुक्तावर! पलीकडे निवडीचे सर पुढे सरकून बसले होते. माझ्या लेकीचं बाकावर बसणं आज संपणार होतं, नाही तर कायमचं राहणार होतं. करार पाळून मी अस्सल मराठीत बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"मुक्ते! डावीकडे झेप घे, डावीकडे!"

कोचने आपल्या पोरीला हाताने काहीतरी खूण केली. पोरीने बॉल मारला, आणि मुक्ताने झेप घेतली उजवीकडे! मी कपाळ बडवून घेतलं. सांगतोय काय, करतेय काय! पण बॉलही नेमका उजवीकडेच आला होता आणि मुक्ताच्या पोटाशी होता. नशीब, दुसरं काय!

"मुक्ते, नीट ऐक! आता उजवीकडे! उजवीकडे जा!"

गेली डावीकडे. बॉल डावीकडे. अडवला! आमच्या पोरी त्यांच्या पेनल्टी चोख मारत होत्या, आणि इकडे माझी मुलगी बापाची भर मैदानात बेअब्रू करून एकामागून एक बॉल अडवत होती. तिसऱ्या वेळी मी जवळजवळ रडकुंडीला आलो.

"अगं कार्टे, एकदा तरी ऐक माझं! डावीकडे!"

उजवीकडे. खाली. जिथे तिला कधीच जमत नव्हतं तिथे, जमिनीला समांतर आडवी होऊन तिने बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर ढकलला. संपलं! जिंकलो! आमच्या पोरींनी मुक्ताला खांद्यावर घेतलं. सुनंदा आणि मी भर मैदानात एकमेकांना मिठी मारून रडलो. (लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच.) निवडीचे सर स्वतः उठून मुक्ताकडे गेले, तिच्याशी हात मिळवला, आणि "कैंप में आ जाना, बेटा" म्हणाले. माझी छाती इतकी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची मला काळजी वाटली.

तेवढ्यात कोच आमच्याकडे येताना दिसला. तो सरळ आत्याच्या पाया पडला.

"आत्याबाई, दशमी लई झ्याक होती बघा. उपाशी नव्हतो, पण गाव सोडल्यापासनं अशी खाल्ली नव्हती."

आमच्या तिघांच्याही चेहऱ्यांचा रंग उडाला.

"तुम्ही... मराठी?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"साताऱ्याचा. फौजेत होतो, इकडंच राहिलो." मग मिशीवरून हात फिरवून तो आत्याला म्हणाला, "तोरणाचं तेवढं कवा बांधायचं, सांगा."

आत्या एवढीशी झाली, पण क्षणभरच. "मग मेल्या, गाडीत बोलायला काय झालं होतं तुला?"

"बोललो असतो तर तुमी गप बसला असता, आत्याबाई. घरच्यावानी बोलणं कानावर पडून किती वर्सं झाली. वाटलं, चालू दे." ते ऐकून आत्याने अख्खा डबाच त्याच्या हातात दिला.

मुक्ता धापा टाकत आली ती हसतच. "बाबा, सर मराठी आहेत हे सगळ्या टीम्सना मालूम आहे! ते तुमच्या गाडीतून उतरले तेव्हाच मी समजले, सगळं सांगून बसले हे लोक. म्हणून मग पेनल्टीला ठरवलं. तुम्ही जिकडे सांगाल, सर बॉल त्याच्या उलट मारायला लावणार. म्हणजे मी पण उलटच जायचं. सिंपल!"

मी कोचकडे पाहिलं. "अहो, पण दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा तरी सोडून द्यायचं!"

"म्हटलं, बाप एवढा जीव तोडून वराडतोय," तो खिन्नपणे म्हणाला, "तिसऱ्यांदा तरी पोरगी ऐकंल."

परतताना त्याला आम्ही त्याच्या स्कूटरपर्यंत सोडलं. मागे मुक्ताच्या मांडीवर करंडक, आत्याची बडबड अखंड, सुनंदाच्या चेहऱ्यावर नुसतं हसू. विजयी सेनापतीच्या थाटात मी गाडी हाकत होतो खरा, पण मधूनच आरशातून त्या साताऱ्याच्या गड्याकडे नजर जायची आणि आतून कसंनुसं व्हायचं. माझा शब्दन्‌शब्द खरा मानून चालणारा असा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. आणि बिचारा त्यापायी हरला!